माझी काळजी करू नकोस

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे. वजन उतरलेलं नाही, ते जाकीटच सैल आहे. आणि ताईने तुला तो दफनभूमीतला फोटो दाखवायला नको होता. भर दुपारी गेलो होतो, अमावास्या नव्हती, घरी येऊन आंघोळही केली.

ते थडगं हुदिनीचं, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, माझ्या खोलीपासून जवळच. बेड्यांतून सुटणारा जादूगार, बाबांना माहीत असेल. जन्म बुडापेस्टचा, १८७४ चा. वडील रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, घरात तंगी. व्होडव्हिलमध्ये, म्हणजे एका तिकिटात गाणी, नकला, कसरती असं सगळं दाखवायचे तिथे, पत्त्यांचे खेळ करायचा. १८९९ मध्ये मार्टिन बेक नावाच्या थिएटरवाल्याने सांगितलं, बाकी सोड, बेड्यांचं कर. तिथून नशीब फिरलं. एकदा पगार सोन्याच्या नाण्यांत घेतला आणि आईच्या ओटीत ओतला म्हणतात.

थडग्यावर फूल नाही, उदबत्ती नाही, नुसते खडे! मला वाटलं पोरांनी टाकलेत. तर नाही, ज्यू लोक भेटीला आले की खडा ठेवतात. कुठलाही चालतो, रस्त्यावरचासुद्धा. धुवायचा नाही, कुंकू नाही, काही नाही. फूल सुकतं, खडा राहतो, कुणीतरी येऊन गेलं हे पुढच्याला कळतं. जादूगार तर पत्ते ठेवून जातात. एका खड्याखाली पावसाने फुगलेला किलवरचा गुलाम होता.

१९१३ मध्ये त्याची आई गेली तेव्हा तो कोपनहेगनला होता. ज्यूंमध्ये दफन लगेच उरकतात, पण तो बोटीने पोचेपर्यंत थांबले. १९२६ मध्ये तो गेला, तेव्हा आईची पत्रं उशाला देऊन त्याला पुरलं. मी दिवाळीला आलो नाही ते रजा मिळाली नाही म्हणून. तिकिटाचे पैसे वाचवले असं काकूंना सांगू नकोस.

त्याची बायको बेस कॅथलिक. १८९४ मध्ये ओळख, थोड्याच आठवड्यांत लग्न. तिच्या आईने कित्येक वर्षं दोघांना दारात उभं केलं नाही. पण हुदिनीच्या आईने, रब्बीची बायको असून, सुनेला जवळ केलं. बघ.

पैसे परवाच टाकलेत. पत्र्यांचं काम पावसाआधी उरका, बाबांचा मोतीबिंदूही. कराडच्या स्थळाला इतक्यात काही कळवू नका. इथे एक मुलगी आहे, वसईची. मराठी चांगलं बोलते, शेंगोळे मी शिकवले, जमतात. रविवारी चर्चला जाते. बाबांना आधी तू सांग, जेवण झाल्यावर. मग मी फोन करतो.

तुझा,
बाळू