आशाताई, तुमचा टेप अजून आमच्याकडंच आहे

आशाताई, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "काय तरीच भाऊ तुमचं" म्हणून पुढच्या घरी निघता, म्हणून हे इथं सगळ्यांसमोर लिहायलोय. राग आला तर चहाला या, बिनसाखरेचा ठेवतो.

दिवाळीच्या आठ दिवस आधी तुम्ही आशा कार्यकर्ती म्हणून घरोघर भरता तो शुगर-बीपीचा फॉर्म घेऊन आलात तेव्हा मी ओसरीवर हरभऱ्याच्या बियाण्याचा हिशोब करत बसलो होतो आणि मला वाटलं लेकरांच्या डोसाचं काही असेल, तर तुम्ही मलाच विचारायला लागलात. वय किती, तंबाखू खाता का, घरात कुणाला शुगर बीपी हाय का, आठवड्यात 150 मिनिटं तरी अंगमेहनत होते का. मी म्हणलं, "होते की, दुकानात दिवसभर उभाच असतो." आतून बायको ओरडली, "उभा कुठला, खुर्चीत!" मग तुम्ही पिशवीतून तो शिंप्याचा पिवळा टेप काढून तिच्याच हातात दिलात, पोट आत ओढायचं नाही म्हणलात, आणि तिनं गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, कंबर 98 सेंटीमीटर. सगळे मिळून 7 मार्क पडले. शाळेत एवढे पटापट कधी पडले नाहीत, आणि इथं चारच्या वर गेलं की तपासणी!

उपाशीपोटी शुगर निघाली 118. 100 ते 125 म्हणजे बॉर्डर, 126 पासून पुढं शुगर धरतात हे डॉक्टरांनी सांगितलं, पण मला कळलं ते तुमच्या बोलण्यावरून. "भाऊ, शुगर घरात नाही आली अजून, पण दारात चपला काढायलीय."

मागच्या साली तालुक्याच्या एका दवाखान्यात मला छापील कागद मिळाला होता. भात बंद, गोड बंद, तळलेलं बंद, ओट्स खा. ते पण दिवाळीच्या तोंडावर. तो कागद आमच्या घरात चकल्या निथळायला कामाला आला, दुसरा उपयोग काही झाला नाही. तुम्ही मात्र बंद हा शब्दच काढला नाहीत. फराळाला नाही म्हणू नका, लोक रुसतात, पण सकाळी भाकरी-भाजी खाऊनच बाहेर पडा, एका घरी एकच जिन्नस उचला, अन् एका घरून दुसऱ्या घरी गाडीवर नाही, पायी. बस एवढंच. त्या दिवाळीत मी गावातल्या असल्या बोळातून चाललो जिथं लहानपणापासून गेलो नव्हतो.

तुळशीचं लग्न लागलं अन् पंगती सुरू झाल्या. बुंदीची बादली घेऊन पोरं धावतात, आग्रह तर विचारूच नका, तिथं तुमची युक्ती चालली, द्रोण पालथा घालून ठेवायचा. जेवलं की खुर्ची गाठायची नाही, 15 मिनिटं फिरायचं, पाय चालले की जेवणातली साखर ते ओढून घेतात म्हणलात. मांडवाभोवती फिरायलो तर दोघांनी विचारलं, चप्पल हरवली काय.

अन् येळवस, म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्ष अमावस्येची रानातली पूजा अन् जेवण! मी भीत भीतच विचारलं होतं की ताई, भज्जीचं (त्या दिवशीच्या मिसळ भाजीचं) काय? तुम्ही हसलात. तूर, हरभरा, वाटाणा, चुका, ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे, याला मी कशाला नाव ठेवू, फक्त खीर एकच वाटी. त्या दिवशी रानात तीन किलोमीटर पायी गेलो, डोक्यावर आंबिलाचं बिंदगं, मागं लेकरं. कडब्याच्या कोपीपाशी पांडवं पुजून झाली अन् तुम्ही पण आलात, तेव्हा माझ्या बायकोच्या लक्षात आलं ते माझ्या कधीच आलं नसतं. तुमच्या टाचांना भेगा होत्या, साडीला धूळ, दुपारचे दोन वाजले होते अन् तुम्ही सकाळपासून चहावरच. उंडा भज्जीत मोडून तुम्ही उभ्यानंच खायला लागलात, कारण बांधापलीकडं अजून एका बाळंतिणीला बघायचं होतं. बायकोनं विचारलं, ताई तुमची शुगर कोण मोजतं? तुम्ही आंबील प्यायलात अन् विषय बदललात. त्याचं उत्तर अजून दिलं नाही तुम्ही. येत्या सोमवारी ती तुम्हाला उपकेंद्रात घेऊन जाणार आहे, उपाशीपोटी, आधीच सांगून ठेवतो.

माझी परवा परत मोजली, 106. तंबाखूची पुडी अजून सुटली नाही, ते मान्य आहे, त्याच्यावर बोलू नका आज.

हां, अन् तो टेप. त्या दिवशी तुम्ही आमच्याकडंच विसरलात. देवघराशेजारी खिळ्याला अडकवलाय, दर रविवारी बायको मोजते, पोट आत घेऊ देत नाही. सध्या 95 हाय. तुम्हाला पाहिजे असला तर घेऊन जा, पण संक्रांत होऊ द्या, तिळगुळाचं काय होतंय ते एकदा बघू.

तुमचाच,
मारुतीच्या पाराजवळचा खत-बियाणेवाला भाऊ