महसूलमंत्र्यांना खुले पत्र : नाव सापडते, आजोबा सापडत नाहीत

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी लोकांना वाचून देणे हे माझे रोजचे काम. 2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी जात प्रमाणपत्र देण्यासाठी जुन्या नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, अभिलेख कक्षांची कुलपे निघाली, पन्नास लाखांहून जास्त कुणबी नोंदी सापडल्याचे शासनाने सांगितले आणि त्यांची पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. काम मोठे झाले, त्याबद्दल वाद नाही. तक्रार त्यापुढची आहे. गावात त्या नावाची नोंद सापडली, पण ती आपल्याच माणसाची कशावरून, हा प्रश्न अर्जदाराच्या गळ्यात तसाच पडला आहे.

गाव नमुना 14 चे, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीचे, एखादे पान समोर घ्या. मोडीतला मजकूर, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. ‘धोंडी बिन राणू, कुणबी, मुलगा.’ म्हणजे राणूचा मुलगा धोंडी, जात कुणबी, त्याला मुलगा झाला. संपली नोंद. आडनाव नाही. मुलाचे नाव नाही, कारण खबर दिली तेव्हा बारसेच झालेले नव्हते. आईचे नाव असले तर नशीब. चार ओळी खाली पुन्हा एक धोंडी, तोही राणूचाच! आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने एकाच भावकीत राणूचा धोंडी आणि धोंडीचा राणू असे आलटून पालटून येत राहतात. त्यात मुले जगत नसली की धोंडी, दगडू अशी नावे ठेवायचे, त्यामुळे ही नावे गावोगाव ढिगाने.

अशा वेळी जन्माची नोंद क्षणभर बाजूला ठेवून आम्ही त्या माणसाच्या आजूबाजूचे कागद गोळा करतो. सर्वांत भरवशाची फेरफारातली, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या वहीतली, वारसनोंद. धोंडी मयत, वारस मुलगे अमुक-तमुक आणि विधवा सखू, एवढी एक ओळ मिळाली की दोन धोंडी सुटे होतात, कारण दोघांच्या जमिनी वेगळ्या आणि बायकाही वेगळ्या. मग त्याची मृत्यूची नोंद, मुलांची शाळेच्या जनरल रजिस्टरातली नावे. शाळेतल्या जन्मतारखेवर मात्र भिस्त ठेवू नये. मास्तरांनी अर्धे गाव 1 जूनला जन्माला घातले आहे. वयाचा मेळ लावताना सनांचा घोळ असतो तो निराळाच. इसवी सन काढायला शके असेल तर ढोबळमानाने 78 मिळवायचे, निजामाच्या मुलखातला फसली हा महसुली सन असेल तर 590. हे बघितले नाही की बाप मुलापेक्षा धाकटा निघतो, आणि तशी वंशावळ शपथपत्रासकट दाखल झालेलीही मी पाहिली आहे.

आता खात्याकडे वळतो. जात प्रमाणपत्राच्या 2000 च्या अधिनियमाने दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. असू द्या, खोटे दावे रोखायला ती हवीच. पण कुणबी ज्यात मोडतात त्या इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो ज्या वह्यांत आहे त्या सरकारच्या कपाटात. अर्जदाराला प्रमाणित नक्कल मिळते ती बहुधा एका ओळीची. त्याच पानावरचा दुसरा धोंडी त्याला दिसतच नाही. पडताळणीत तोच दुसरा धोंडी पुढे येतो आणि नावसाधर्म्याच्या शेऱ्यावर प्रकरण अडकते. उलटही घडते : भलत्याच्या नोंदीवर एखादा निभावून जातो, आणि ज्याची ती नोंद, तो पुढे आला की त्याच्यावरच संशय.

म्हणून विनंती अशी की नक्कल द्यायची तर अख्ख्या पानाची द्यावी. सूची करताना नुसते नाव टिपून थांबू नये. बापाचे नाव, जात, गाव, मूळ सन आणि त्याचा इसवी सन, सगळे रकाने त्यात यावेत. पानाशेजारी मोडीचे देवनागरी लिप्यंतर असावे, खाली वाचणाऱ्याचे नाव असावे आणि अक्षर लागत नसेल तिथे त्याने सरळ प्रश्नचिन्ह टाकावे. अंदाजाने लावलेले अक्षर कोऱ्या जागेपेक्षा महागात पडते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासनाने आईचे नाव सक्तीचे केले, हे उत्तम झाले. मग जुन्या कागदांत जिथे ‘सखू कोम धोंडी’, म्हणजे धोंडीची बायको सखू, सापडते तिथे सखूलाही सूचीत घ्या. दोन धोंडी वेगळे करायला तिच्याइतका उपयोग कुणाचा होत नाही. आणि नावसाधर्म्याचे कारण देऊन अर्ज फेटाळायचा असेल, तर ती नोंद दुसऱ्या कोणाची वाटते आणि कशावरून, हे आदेशात लिहिणे बंधनकारक करा.

आणखी एक. आजवरचा शोध ‘कुणबी’ या शब्दाचा होता, त्यामुळे तो शब्द असलेली पाने वर आली आणि बाकीच्या वह्या पुन्हा रुमालात बांधल्या गेल्या. धनगर, वंजारी, कोळी, सगळ्यांच्या नोंदी त्याच वह्यांत आहेत, आणि कुणब्यांच्या मृत्यूच्या नोंदीही कित्येकदा जातीचा रकाना कोरा असलेल्या पानांवर आहेत. तेव्हा पुढचा शासन निर्णय काढाल त्यात निवडक पाने न म्हणता वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग स्कॅन करावी, असे स्पष्ट लिहावे.

आपला,
जुन्या नोंदींचा एक वाचक