खरेदीखत माझे, थकबाकीही माझीच!

मा. संपादक,

शनिवारच्या पुरवणीतला नव्या घरखरेदीवरचा पानभर लेख वाचला. मुद्रांक शुल्क, 1 टक्का नोंदणी शुल्क व त्याची 30 हजारांची कमाल मर्यादा, बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांकात 1 टक्क्याची सूट, सगळे बिनचूक आहे. अर्ध्या पानावरचे जलतरण तलावाचे रंगीत चित्रही छान. फक्त लेख दुय्यम निबंधकाच्या दारातच संपला. तिथून पुढे काय होते हे लेखकाला ठाऊक नसावे, किंवा तो अजून भाड्याच्या घरात सुखाने राहत असावा.

आमचे ऐका. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही एक जुना फ्लॅट घेतला. नोंदणीच्या दिवशी अंगठे झाले, फोटो झाला (त्यात मी गुन्हेगार दिसतो, हिच्या मते नेहमीसारखाच), इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) हातात आली. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेला माणूस. लोकांचे कागद तपासून ‘एक कमी आहे’ म्हणून परत पाठवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे आधीचे करारनामे, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भागदाखला, सगळे मी जातीने पाहिले. मालमत्ता कराची पावतीही मागितली. विकणाऱ्याने दाखवली. पावती खरी होती, पण 4 वर्षांपूर्वीची, आणि मी तारखेऐवजी शिक्का पाहिला. वर नाव बिल्डरचे होते तेही खटकले. ‘ते तसेच येते हो’, असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. ही चूक माझी. कबूल.

एप्रिल सरता सरता नवे बिल आले. नाव अर्थातच बिल्डरचे. पहिल्या खरेदीदाराने कराला स्वतःचे नाव लावले नाही, दुसऱ्याने लावले नाही, आणि तिसरा मी. जुनी थकबाकी 28,640 रुपये, तिच्यावर शास्ती 11,200. शास्तीचा दर महिन्याला 2 टक्के. व्याज जास्त लावता म्हणून ज्या कर्जदारांनी माझ्या टेबलावर हात आपटले, त्यांची आज मी मनापासून क्षमा मागतो.

विकणाऱ्याला फोन केला. म्हणाला, “काका, चावी दिली त्या दिवशी माझा विषय संपला.” कायद्याने तो संपलेला नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे हस्तांतरणाची लेखी खबर विकणाऱ्याने आणि विकत घेणाऱ्याने, दोघांनीही 3 महिन्यांत आयुक्तांना द्यायची असते. ती दिली नाही तर विकणाराही सुटत नाही. पण त्याच अधिनियमात मालमत्ता कराचा पहिला बोजा मिळकतीवर टाकलेला आहे. म्हणजे माणूस गेला, भिंती राहिल्या, आणि भिंती आता माझ्या.

मग खेटे सुरू झाले. महापालिकेच्या खिडकीवर सांगितले, आधी थकबाकी भरा, मग नावाचे बघू. भरली. मग सांगितले, मधल्या सगळ्या व्यवहारांच्या इंडेक्स टू आणा. पहिल्या व्यवहाराची कुणाकडेच नव्हती. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये दोन रात्री घालवल्या, कारण तेव्हा इमारतीचे नाव वेगळे होते आणि आमच्या मजल्यालाही दुसराच क्रमांक होता. सापडली. ती घेऊन गेलो तर अर्जावर विकणाऱ्याची सही हवी. तो परगावी. कुरिअरने अर्ज पाठवला, सही करून आला, तर सही दुसऱ्याच रकान्यात. कारकून माणूस वाईट नव्हता, त्याने एकदा बसायला खुर्चीही दिली. पण मला एवढेच कळत नाही की माझा अंगठा, फोटो आणि लाखो रुपयांचा मुद्रांक ज्या शासनाने घेतला, त्याने त्याच दिवशी शेजारच्या कार्यालयाला दोन ओळी का कळवू नयेत? सात खेट्यांनंतर नाव लागले. वृक्षकरासकट. सोसायटीत झाड एकच आहे आणि ते कुंपणाबाहेर आहे.

सवलतींचेही तेच. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून माफी आली ती सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ती निवडणुकीच्या तोंडावर आली. पण पुण्यात राहत्या घराला 1970 पासून मिळणारी 40 टक्क्यांची सवलत मध्येच गेली आणि 2023 मध्ये परत आली, तेव्हा नव्या घरमालकाने पीटी-3 नावाचा अर्ज भरून आपण इथेच राहतो हे सिद्ध करायचे असते, हे किती जणांना माहीत आहे? ज्याला ते नाव ऐकून ठाऊक नाही तो पूर्ण कर भरतो, वर आपण प्रामाणिक नागरिक आहोत म्हणून खूशही असतो. फ्लॅट 50 लाखांचा किंवा त्यावरचा असेल तर विकणाऱ्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस कापून तो सरकारात भरण्याचे कामही खरेदीदाराचेच. तुमच्या लेखात याबद्दल अवाक्षर नाही.

जाता जाता सोसायट्यांबद्दलही लिहितो, कारण तिथे तर अर्जाची खिडकीसुद्धा नसते. राज्य सरकारच्या 2001 च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणाचे अधिमूल्य (प्रीमियम) 25 हजारांच्या वर घेता येत नाही. आमच्याकडून 25 हजार रीतसर घेतले. त्यानंतर सचिवांनी हसत हसत दुसरे पावतीपुस्तक काढले. ‘स्वेच्छा देणगी’, आणि रकमेच्या जागी 40 हजार आधीच लिहिलेले. माझी स्वेच्छा त्यांना माझ्या आधी कळली होती! मी दिली नाही. तेव्हापासून आमच्या पार्किंगच्या जागेवर कुणाची तरी स्कूटर स्वेच्छेने उभी असते.

एक विनंती. हे पत्र छापलेत तर कृपया जपून कापा. मागच्या खेपेस माझ्या पत्रातला एक ‘नाही’ तुमच्या कात्रीत गेला आणि मी मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांचा पाठीराखा ठरलो. त्या आठवड्यात मला तीन मंडळांची निमंत्रणे आली.

आणि पुढच्या शनिवारी त्याच पुरवणीत एक चौकट द्या. व्यवहाराआधी चालू वर्षाची करपावती मागा, तिच्यावरचे नाव वाचा, थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, नाव लावण्याच्या अर्जावर विकणाऱ्याची सही नोंदणीच्या दिवशीच, तो समोर बसलेला असताना घ्या. चार ओळी होतील. जागा पुरत नसेल तर तो जलतरण तलाव थोडा लहान करा.

– एक करदाता
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये)