१९ फेब्रुवारीला बोलणार आहेस म्हणून

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

शिवजयंतीला तुमच्या कॉलेजातली मराठी मुलं जमणार आणि तू बोलणार, हे ऐकून बाबांना आणि मला फार आनंद झाला. महाराजांवर तू चांगलंच बोलशील. पण १९ फेब्रुवारी ही तू जन्मलास त्या अमेरिकेच्या इतिहासातलीही मोठी तारीख आहे. त्यातलं थोडं तरी त्या दिवशी सांग.

१९२३ साली याच दिवशी भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल लागला. ते पंजाबातून १९१३ साली इथे आले आणि पहिल्या महायुद्धात पगडी बांधून अमेरिकेच्या सैन्यात राहिले. नागरिकत्व मिळालं, चार दिवसांत काढून घेतलं, पुन्हा मिळालं, आणि सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. बाहेरून आलेल्यांपैकी गोरे आणि आफ्रिकी वंशाचे, एवढ्यांनाच तेव्हा नागरिक होता येई. तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना ह्याच कोर्टाने सांगितलं होतं, गोरा म्हणजे कॉकेशियन, म्हणजे तेव्हाच्या वंशशास्त्रातल्या त्या नावाच्या मानववंशातला. थिंद म्हणाले, मग वंशशास्त्राप्रमाणे मीही कॉकेशियनच. त्यावर न्यायमूर्ती सदरलँड यांनी शास्त्रच बाजूला सारलं आणि सामान्य माणूस कोणाला गोरा समजतो ते धरलं. निकाल एकमताने थिंद यांच्या विरुद्ध गेला.

त्यांच्या बाजूने काय मांडलं गेलं तेही लपवू नकोस. आपण उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे, म्हणून गोरे, असा तो दावा होता. भिंत पाडा असं त्यात कुठे नव्हतं, फक्त मला आत घ्या एवढंच होतं. थिंद इथे उतरले त्याच १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला आले होते. हे आठवलं की जातीच्या जोरावर न्याय मागणारे ते कागद मला अजूनच बोचतात.

निकालानंतर इतर भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेणं सुरू झालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या वैष्णोदास बगाई यांनी १९२८ साली त्या दुःखात जीव दिला. थिंद यांच्या वकिलांपैकी सखाराम गणेश पंडित यांच्यावरही खटला झाला. पण ते हटले नाहीत. कोर्टाने १९१४ साली दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी वकिली केली, घर केलं, संसार मांडला, आता ते उलटवता येणार नाही, असं त्यांनी मांडलं. १९२६ साली अपील कोर्टाने ते मानलं आणि पुढल्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं ऐकायलाही नकार दिला. निखिल, दुसरं काही राहिलं तरी चालेल, पंडितांचं नाव मात्र घे.

१९४२ साली, जपानशी युद्ध चालू असताना, ह्याच तारखेला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या हुकुमावर सही केली. हुकुमात जपानी हा शब्दही नाही. लष्कराला हव्या त्या भागातून हव्या त्या माणसांना हलवण्याची मुभा, एवढंच. त्या बळावर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, आणि त्यातले दोन-तृतीयांश तुझ्यासारखे इथलेच नागरिक होते. हातात मावेल तेवढंच सामान न्यायचं. घरं, शेतं, दुकानं मिळेल त्या भावाने विकून माणसं निघाली. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी तो हुकूम रीतसर रद्द केला, तोही मुद्दाम १९ फेब्रुवारीलाच. वाचलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर आणि देशाची माफी मिळायला १९८८ चा कायदा यावा लागला. तोवर कितीतरी म्हातारी माणसं गेली होती.

त्या छावण्यांपैकी मांझनार तुझ्यापासून गाडीने साधारण चार तासांवर आहे, सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तिथे यात्रा भरते. तिथे राहिलेल्यांची मुलं-नातवंडं येतात, आणि इतर कुणीही जाऊ शकतं. आम्ही दोघं जाणार आहोत. तुला परीक्षेतून सवड होत असेल तर लवकर कळव, म्हणजे जवळच्या लोन पाइन गावात खोली बघून ठेवते.

तुझी,
आई