दर्शनी भिंतीत सिमेंट नको

प्रति,
मा. अध्यक्ष,
रहिवासी समिती, उत्तर लंडन

विषय : दर्शनी भिंतीचं पॉइंटिंग (विटांमधले सांधे भरणं) चुन्यात करून घेण्याबाबत

स.न.वि.वि.

वहिनी, समितीतल्या बाकीच्यांसाठी इंग्रजी प्रत जोडली आहे. तुम्हाला मात्र मराठीत लिहितोय, कारण जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासलं की काय होतं ते तुम्ही गावाकडच्या वाड्यात पाहिलं असेल. दोन पावसाळ्यांत ओल आणि पोपडे.

गुरुवारच्या बैठकीत ठेकेदाराचं जे अंदाजपत्रक मंजुरीला येतंय, त्यात सांधे भरायला सरळ सिमेंट धरलंय. कृपा करून त्यावर सही करू नका.

सही करण्याआधी एकदा मागच्या अंगणात या. पावसाच्या पाइपाशेजारी पूर्वी कुणीतरी सिमेंटने भरलेला पट्टा आहे. तिथले सांधे अजून ताठ उभे आहेत, पण मधल्या विटा अर्धा इंच आत गेल्यात. रिकाम्या खणांसारखं दिसतं ते. बोट फिरवलं की पिवळी भुकटी हातात येते.

कारण साधं आहे. आपली ही एकमेकांना जोडलेल्या घरांची रांग १८६०च्या दशकातली. भिंती नऊ इंची, भरीव, मध्ये पोकळी नाही. त्या पाऊस पितात आणि वारा सुटला की वाळतात. ही पिवळी लंडन स्टॉक वीट मऊ असते. त्या काळी मातीत शहरातल्या कोळशाची राख कालवून ती भाजत. चुना विटेहूनही मऊ, म्हणून ओल सांध्यांतून निघून जाते आणि झिजायचं ते सांधे झिजतात. ते पुन्हा भरता येतात. सिमेंट ओलीची वाट अडवतं. मग पाणी विटेत मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचा दर्शनी थरच उडवतं. तो परत आणायचा कुठून?

ही घरं बांधणारे काही फार थोर नव्हते. ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर जमीन घ्यायची, पटापट रांग उभी करायची, समोर थाट आणि मागे काटकसर. तरी चुन्याचं गणित त्यांना कळत होतं.

आपल्याकडून येणारे पाहुणे किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर बघून येतात. बाबासाहेब १९२१-२२मध्ये तिथे राहिले. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. परवा एक मावशी तिथून आल्या आणि आपल्या दारात उभं राहून म्हणाल्या, “अगं, हे तर तसंच!” रांगेतली घरं ती, सारखीच दिसणार. पण मला बरं वाटलं.

त्याच अंदाजपत्रकात खिडक्याही प्लास्टिकच्या करायच्या म्हणतात. १८४५मध्ये काचेवरचा आणि १८५१मध्ये खिडक्यांवरचा कर गेला, म्हणून तर आपल्याला एवढी मोठी तावदानं मिळाली. माझी वर-खाली सरकणारी खिडकी अडकली होती, ती तिला तोलणाऱ्या वजनाची दोरी तुटल्यामुळे. चौकट उघडली तर आत लोखंडी वजन खाली पडलेलं. नवी दोरी ओवली, आता एका बोटाने वर जाते. शिवाय आपले फ्लॅट आहेत. बाहेरून रूप बदलायचं तर कौन्सिलची परवानगी लागणार.

चुन्याचं काम महाग पडेल आणि हळू चालेल, हे मान्य. माझ्या वाट्याची वाढीव वर्गणी मी देईन. दुसरं अंदाजपत्रक मागवताना दोन गोष्टी लिहून घ्या : जुने सांधे छिन्नीने उकरायचे, ग्राइंडर लावायचा नाही, त्याने विटांच्या कडा कापल्या जातात, आणि आधी एक चौरस मीटर नमुना करून दाखवायचा. परांची उभी राहीलच, तर तेवढ्यात कठड्यामागची छपराची पन्हळही साफ होऊ दे.

आपला,
वरच्या मजल्यावरचा रहिवासी

ता. क. : शेजारच्या घराच्या नव्या लाकडी डेकने जमिनीलगतच्या जाळीच्या विटा बुजल्या आहेत. फरशीखालच्या तुळयांना त्यांतूनच वारा मिळतो. त्यांच्याशी तुम्हीच बोलाल का? माझं आणि त्यांचं पार्किंगवरून आधीच वाजलंय.