बर्फातल्या पायताणांना पट्टा कोणता?

परभणी,
१६ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

कॅनडात विनिपेगला तू जुने लाकडी स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या जाळीच्या चौकटी, घेतलेस हे वाचून फार बरं वाटलं. ॲशच्या लाकडाची चौकट, कच्च्या चामड्याच्या वाद्यांचं विणकाम, दोन्ही टोकं निमुळती आणि पुढचं वर वळलेलं. म्हणजे तो तिकडच्या ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या घाटाचा जोड आहे. जप त्याला. बाइंडिंग, म्हणजे बूट स्नोशूला बांधायचा पट्टा, कोणतं लावू, असं विचारलंस. हातमोजे न काढता जे सुटतं, ते लाव.

ओंटारिओतल्या माझ्या दोन हिवाळ्यांतली एक संध्याकाळ अजून डोळ्यांपुढं आहे. माझं बाइंडिंग चामड्याचं होतं, बकलांचं, दिसायला देखणं. दुपारी पट्ट्यांवरचा बर्फ वितळला, चामडं भिजून सैल पडलं आणि पाय पुढं घसरायला लागला. मी पट्टे आवळले. दिवस कलला तसं तेच चामडं लाकडासारखं ताठ झालं, बकलांत बर्फ बसला. उणे २२ अंशांत उघड्या हातांनी सोडवत बसलो तर दोन बोटं बधिर झाली. घरी आल्यावर त्यांत जी कळ उठली, ती रात्रभर थांबली नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं लांबण लावतोय.

आपल्या बैलाच्या सापतीची गोष्टच बघ. आवळली तर मान सोलते, सैल ठेवली तर जू सरकतं. इथंही तसंच. पाऊल टाकताना टाच मोकळी उचलली पाहिजे आणि बुटाचं टोक विणीतल्या भोकातून खाली गेलं पाहिजे. पाय पुढं सरकला की टोक आडव्या पट्टीवर आपटतं आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून टाचेमागचा पट्टा महत्त्वाचा.

तिकडचे जुने लोक दिव्याच्या वातीसारखी रुंद सुती पट्टी बांधतात. एकदा मापात गाठ बसली की पाय नुसता वळवून आत-बाहेर करता येतो, हात लावावा लागत नाही. पण ते मऊ तळव्याच्या मकलक बुटांतच जमतं. तुझे बूट कडक टाचेचे. (ती टाच वाद्याही झिजवते, तेवढं लक्षात असू दे.)

तुला रबरच बरं. ट्रकची ट्यूब आडवी कापली की बांगडीसारखा पट्टा निघतो. पुढचा भाग रुंद ठेवून त्याला बुटाचं टोक निघेल एवढं भोक पाडायचं आणि पट्टा चवड्याखालच्या जाड वादीखालून ओवायचा. घालताना आधी चवडा आत, मग मागचा भाग ताणून टाचेवर चढवायचा. ना बकल, ना गाठ. रबर पाणी पीत नाही, त्यामुळं चामड्यासारखं भिजून सैलही पडत नाही.

जिंतूर रोडच्या पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणून ठेवलीय. बूट घालून चवड्याचा घेर आणि टाचेमागून चवड्यापर्यंतचं अंतर दोरीनं मोज आणि लगेच कळव. ताई डिसेंबरात तिकडं निघतेय, तिच्या बॅगेत दोन जोड देतो. एक नेहमी खिशात ठेव. आई म्हणते, सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणीही देऊ.

तुझा,
विनायक