‘खाली आहे’: कामगार मंत्र्यांना एका सेफ्टी ऑफिसरचं खुलं पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत गेली १९ वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काम करते. लागले तेव्हा शॉपफ्लोअरवर मी एकटीच बाई. माझ्या मापाचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये नव्हते, म्हणून पहिले काही महिने ७ नंबरच्या बुटात पुढे कापसाचे बोळे कोंबून फिरले. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन आला की मला रांगोळीचं विचारलं जायचं. त्याच आठवड्यात ८ मार्चही येतो, त्यामुळे सुरक्षेची शपथ घ्यायला लावल्यावर चार दिवसांनी मला गुलाबाचं फूल मिळायचं. तक्रार म्हणून हे सांगत नाही. बरं, थोडी तक्रार आहेच.

पत्र लिहिण्याचं कारण मात्र वेगळं आहे. एका रात्रीची हकीकत सांगते.

प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा जड साचा, बदलायचं काम चाललं होतं. रात्रीचे अडीच. क्रेनच्या हुकाला डाय लटकलेली. फिटर परळीकडचा, क्रेन चालवणारा गोरखपूरकडचा आणि हेल्पर ओडिशातल्या गंजामचा, विशीतला पोरगा. डाय टेकायच्या जागी लाकडी ठोकळा तिरका बसला होता, तो पायाने सरळ करायला पोरगा पुढे गेला. फिटरने ते पाहिलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, ‘‘खाली आहे! खाली आहे!’’

आपल्याला त्याचा अर्थ सांगायला नको. पण गोरखपूरच्या माणसाने प्रेसच्या धडधडीत जे ऐकलं ते ‘खाली है’. म्हणजे जागा मोकळी आहे, आण. त्याने पेंडंटचं, म्हणजे क्रेन चालवायच्या लटकत्या पेटीचं, बटण दाबलं.

पोरग्याच्या बुटाला पुढे पोलादी टोपी होती. डायची कड त्या टोपीच्या बोटभर मागे बसली.

मी पोचले सकाळी ८ वाजता. तोवर फरशी पुसून झाली होती. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ६६व्या कलमाने, खास सवलत असल्याशिवाय, बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात कामावर ठेवता येत नसे. मॅनेजर, सुपरवायझर मंडळींना कामाच्या तासांच्या बाकी कलमांतून सूट होती, पण ही एक बंदी त्यांच्यातल्या बायकांनाही होती. म्हणजे सुरक्षेची जबाबदारी माझी आणि रात्रपाळी माझ्या डोळ्यांआड. अपघाताच्या अहवालात कारण लिहिलं गेलं, ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. त्याच्या खाली माझी सही आहे.

ऑपरेटरचा गेट पास दुसऱ्या दिवशी बंद झाला. शब्दाचा घोळ मला कळला तीन आठवड्यांनी, तोही गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. फिटर म्हणाला, ‘‘मॅडम, मी दोनदा ओरडलो होतो हो.’’ ऑपरेटर हिशेब घ्यायला आला होता. तो म्हणाला, ‘‘दीदी, उसने खुद बोला खाली है.’’ दोघंही खरं बोलत होते.

साहेब, कायद्याने भाषेचा विचार केलेलाच नाही असं नाही. त्याच जुन्या कारखाना कायद्याच्या १०८व्या कलमानुसार कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्या लागत. सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेतही त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा येण्याची अट असते. पण ‘बहुसंख्य’ हा शब्द ज्या काळातला आहे, तेव्हा कारखाना म्हणजे आसपासच्या गावांतली माणसं. आज आमच्या एका लाइनवर बीड-नांदेडचं मराठी, भोजपुरी, ओडिया, बंगाली, असमिया, नेपाळी आणि तेलुगू ऐकू येतं. बहुसंख्य कोणीच नाही. वरच्या मजल्यावर परदेशी साहेब, ते त्यांच्या इंग्रजीत बोलतात. पहिल्या दिवशी ट्रेनिंगला सगळे माना डोलावतात, हजेरीपटावर सह्या करतात, आणि ऑडिटरला सह्या पुरतात.

त्या रात्रीनंतर आम्ही क्रेनखाली ‘खाली’ हा शब्दच बंद केला. हात आडवा करून दाखवायचा, शिट्टी मारायची. थांबायची खूण कोणीही करो, अगदी झाडू मारणाऱ्या मावशींनी केली तरी क्रेन थांबलीच पाहिजे. भिंतीवर एकाखाली एक शब्द लिहिले: थांब, रुको, थामो, रुह, आगु. शिफ्ट सुरू होताना सगळ्यांनी सगळ्या भाषांतले म्हणायचे. पहिल्या आठवड्यात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. परळीचा फिटर आता ‘रुह’ असा काही ओरडतो की गंजामची पोरं जागच्या जागी गोठतात.

ट्रेनिंगची सहीही बंद केली. ज्याला शिकवलं त्याने करून दाखवायचं: मेन स्विच बंद, त्याला आपलं कुलूप, चावी आपल्या खिशात, मग स्टार्टचं बटण दाबून खात्री. तोंडाने एक अक्षर बोलला नाही तरी चालेल. यात वेळ जातो आणि प्रॉडक्शनवाले कुरकुरतात. सेफ्टी ऑफिसरचा पगारवाढीचा कागद प्लांट हेडकडूनच जातो, तेव्हा कुरकुरीचं वजन किती हे आपल्याला सांगायला नको.

आता लाइनवर बायका पुष्कळ आहेत. जुन्या कायद्यात चालत्या यंत्राची तपासणी करणारा ‘खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष’ असावा असं लिहिलेलं होतं. आता कुठला नट सैल झालाय हे मला आधी या मुलीच येऊन सांगतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत त्यांना संमतीने रात्रपाळीही करता येते. मी या बदलाचं स्वागत करते. पण रात्री अडीचला त्यांना कोण काय आणि कुठल्या भाषेत ओरडून सांगणार, हा प्रश्न तसाच आहे. संहितेनुसार सेफ्टी ऑफिसर बंधनकारक आहे तो ५०० कामगार असतील तर, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०. मुळशीत उरवड्याला ७ जून २०२१ रोजी लागलेल्या आगीत १७ माणसं गेली, त्यांत १५ बायका होत्या. तेवढ्या लहान कारखान्यात माझ्यासारखं कोणी नसतंच.

माझं मागणं फार मोठं नाही. संहितेखालच्या राज्याच्या नियमांत ‘बहुसंख्य कामगारांची भाषा’ याऐवजी ‘त्या कामगाराला समजणारी भाषा’ असं लिहा. आणि अपघात कळवण्याच्या नमुन्यात दोन रकाने घाला: जखमी कामगाराची आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांची भाषा कोणती, आणि त्यांना प्रशिक्षण कुठल्या भाषेत दिलं होतं. कंत्राटी कामगारही त्यात धरा. आमच्याकडे जखमी होणारा बहुतेक वेळा त्यांच्यातलाच असतो. वर्षभर हे रकाने भरून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आले, की किती ठिकाणी ‘निष्काळजीपणा’ लिहिलं गेलं आणि तिथे खरं काय घडलं, ते आपल्याच टेबलावर दिसेल. हे रकाने तेव्हा असते तर मला त्या टपरीवर जावं लागलं नसतं, आणि त्या ऑपरेटरची नोकरी कदाचित राहिली असती.

कळावे,

आपली,
चाकणची एक सेफ्टी ऑफिसर

ता. क. : ४ नंबरचे सेफ्टी शूज आता मिळतात. उंचीवर काम करताना बांधायचा बायकांच्या मापाचा हार्नेस मात्र मी गेल्या दिवाळीपासून मागते आहे.